‘मज्जाव नाही’ म्हणजे काय

प्रिय,

तुझे पत्र दोनदा वाचले. नैराश्याने अन्नपाणी सोडलेला रुग्ण, त्यातच तीन आठवड्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका. एका पुस्तकात ईसीटीबद्दल, म्हणजे भूल देऊन मेंदूतून विद्युतप्रवाह सोडून आकडी आणण्याच्या उपचाराबद्दल, ‘पूर्ण मज्जाव असा कशाचाच नाही’ हे वाक्य आणि दुसऱ्यात धोक्यांची पानभर यादी. दोन्ही खरी आहेत. मज्जाव नाही याचा अर्थ इतकाच, की उपचाराचा धोका आणि उपचार न करण्याचा धोका दोन्ही तोलायचे. ‘म्हणजे तपासायला नको’ असे कोणी म्हणाले, की मला आजही संताप येतो.

विद्युतप्रवाह दिल्यावर काही सेकंद नाडी मंदावते, क्वचित थांबतेही. मग आकडीबरोबर ठोके आणि रक्तदाब उसळतात. नुकतेच दुखावलेले हृदय, मेंदूतील ताजा रक्तस्राव, कवटीतील दाब वाढवणारी गाठ किंवा फिओक्रोमोसायटोमा (रक्तदाब वाढवणारी संप्रेरके सोडणारी, बहुधा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली गाठ) यांना भोवते ती हीच उसळी. एवढे समजले, की निम्मी यादी पाठ करावी लागत नाही. उरलेली औषधांच्या कागदावर असते: दम्यावरच्या थिओफिलिनने आकडी लांबते, मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या लिथियमने उपचारानंतरचा मानसिक गोंधळ वाढू शकतो.

पण विचारायचे प्रत्येक वेळी, पहिल्याच वेळी नव्हे. माझ्या एका रुग्णाचे पहिले चार उपचार निर्विघ्न झाले होते, म्हणून पाचव्याला मी जुन्याच तपासणीवर सही केली. मधल्या दिवसांत त्याचा खालचा एक दात हलू लागला होता. स्नायू शिथिल करणारे औषध दिलेले असले तरी प्रवाह जबड्याच्या स्नायूंना थेट आवळतो, हे मला पाठ होते. तरी तो दात घशात सापडेपर्यंत माझे बोट त्याच्या तोंडात गेले नव्हते. त्या सकाळी आठ रुग्ण होते, हे मी अजूनही स्वतःला सांगतो. लाख उपचारांमागे मृत्यू साधारण २, हेही सांगतो. दोन्ही खरे आहे आणि दोन्हींचा त्या दाताशी संबंध नाही.

स्मृतीबद्दलही प्रत्येक वेळी विचार. ‘सगळे परत आठवेल’ असे वचन मी दिले आहे. तू देऊ नकोस, कारण उपचाराआधीच्या काही महिन्यांच्या आठवणी काहींना कायमच्या परत मिळत नाहीत.

तुझ्या रुग्णाचा निर्णय मी पत्रातून देणार नाही. हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांना एकत्र बसव आणि उपचार किती दिवस पुढे ढकलता येईल ते त्यांच्याकडून लिहून घे. बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाचे पोटॅशियम आजच बघ. आणि दात बघताना नुसते विचारू नकोस, बोट लावून बघ.