कोऱ्या कागदावरची पेन्सिलची फुली

"गणपतीला गावी जावंसं वाटतं हो. पण गेले तर भावाला वाटेल, हिस्सा मागायला आली."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी वरचेवर ऐकते. या वेळी समोर होत्या डोंबिवलीच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या एक ताई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). माहेर दापोली तालुक्यात. घर आणि कलमांची बाग धाकटा भाऊ बघतो. वडील गेल्यावर त्याने कुरिअरने हक्कसोडपत्र पाठवलं. सोबत चिठ्ठी नाही, फोन नाही. फक्त सही कुठे करायची तिथे पेन्सिलची फुली.

"जमीन गेली खड्ड्यात," ताई म्हणाल्या, "पण फुली?"

त्यांनी सही केली नाही, गावीही गेल्या नाहीत. तेव्हापासून पाच वर्षं अबोला.

मी विचारलं, "कागद आला तेव्हा घराची काय अवस्था होती?" त्या गप्प. ते 2020 साल होतं. 3 जूनला निसर्ग वादळ आलं, आणि ताई डोंबिवलीत लॉकडाऊनमध्ये अडकलेल्या.

त्यांच्या परवानगीने भावाला फोन लावला. तो आधी फटकूनच बोलला. मग म्हणाला, "अर्धी कौलं उडाली, बावीस कलमं आडवी झाली. कर्जाला सगळ्यांच्या सह्या हव्या होत्या. ताईने एकदा तरी विचारलं का, छप्पर आहे का डोक्यावर?"

दोघांचीही तक्रार एकच: मला कुणी विचारलं नाही.

ताईंना मी दोन गोष्टी सांगितल्या. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीपासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तेव्हा वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको, आणि अपराधी वाटून तर मुळीच नको. हक्कसोड म्हणजे भाऊबीजेची ओवाळणी नव्हे. (बहिणीने 'मोठ्या मनाने' सोडून द्यावं, असं सांगणारे माझ्या व्यवसायातही आहेत. मला ते पटत नाही.) दुसरी गोष्ट, पहिल्या खेपेला सातबाऱ्याचा विषय काढायचा नाही. आणि पाहुणीसारखं आरतीच्या वेळी पोचायचं नाही, साफसफाईला जायचं.

त्या चतुर्थीच्या तीन दिवस आधी गेल्या. भाऊ ओटीवर होता, "आलीस?" एवढंच म्हणाला. दिवसभर दोघांनी माळ्यावरची भांडी उतरवली, जेमतेम चार वाक्यं झाली. संध्याकाळी त्याने आईची विळी आणि सोललेले पाच नारळ त्यांच्यापुढे ठेवले. "तू खोव. हिला तुझ्यासारखं बारीक जमत नाही."

आतून वहिनी ओरडली, "ऐकू येतंय हं मला!"

कागद अजून ताईंच्या कपाटातच आहे. दिवाळीनंतर दोघं मिळून वकिलाकडे जाणार आहेत.