गोंदणाची सुई आणि काकूंचा चहा

प्रश्न : मी सोळा वर्षांचा असून अकरावीत शिकतो. तीन आठवड्यांपूर्वी गावच्या जत्रेत मित्रांसोबत मनगटावर टॅटू काढून घेतला. माझ्या आधी दोघांचे झाले होते, पण सुई बदललेली मला दिसली नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस ताप आला आणि तेव्हापासून एचआयव्हीची धास्ती बसली आहे. घरी ठाऊक नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वावरतो. शेजारच्या काकू एचआयव्हीच्या गोळ्या घेतात असे कळल्यापासून त्यांच्याकडे चहाही घेत नाही. डासांमुळेही लागण होते का?

उत्तर : आधी काकूंच्या चहाचे बोलू, कारण ते सोपे आहे. चहाचा कप, एका ताटातले जेवण, मिठी, खोकला, सामाईक संडास यांपैकी कशातूनही एचआयव्ही पसरत नाही. डासातूनही नाही, कारण डास चावताना स्वतःची लाळ सोडतो, आधी प्यायलेले रक्त नव्हे. शिवाय हा विषाणू त्याच्या पोटात पचून जातो. काकूंचा चहा खुशाल घे, मात्र त्यांच्या गोळ्यांची गोष्ट पुढे कुणाच्या कानावर घालू नकोस.

तुझी भीती जिथे हवी तिथे आहे, ती सुईपाशी. एकाचे रक्त लागलेली सुई दुसऱ्याच्या कातडीत गेली, तर लागण होऊ शकते. हा विषाणू शरीराबाहेर फार टिकत नाही, त्यामुळे टॅटूतून एचआयव्ही होण्याची शक्यता कमी असते. पण हिपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू सुकलेल्या रक्तातही आठवडाभर तग धरतो, आणि त्याची आठवण मात्र कुणालाच होत नाही. अशा प्रसंगी ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे गेल्यास, गरज वाटल्यास २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या देता येतात. तुझी ती मुदत टळली आहे.

तापावरून काहीच ठरत नाही. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी काहींना ताप येतो खरा, पण पावसात भिजल्यावर येणाऱ्या तापाहून तो वेगळा ओळखता येत नाही. निदान रक्ततपासणीनेच होते. एक तपासणी आता कर आणि दुसरी टॅटूनंतर तीन महिने पूर्ण झाल्यावर, कारण सुरुवातीच्या काळात लागण असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्रात, ही तपासणी आणि समुपदेशन मोफत मिळते व अहवाल गुप्त राहतो.

तू विचारले नाहीस, तरी सांगतो : आपल्या देशात बहुतांश लागण असुरक्षित लैंगिक संबंधातून होते आणि निरोध योग्य रीतीने वापरल्यास ती बव्हंशी टळते. इंजेक्शनच्या सुया एकमेकांच्या वापरणे आणि उपचार न घेणाऱ्या आईकडून बाळाला होणारी लागण, हे इतर मार्ग. एचआयव्ही म्हणजे लगेच एड्स नव्हे; उपचार न घेतल्यास अनेक वर्षांनी प्रतिकारशक्ती ढासळून जी अवस्था येते, ती एड्स. २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळणाऱ्या एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या रोज घेणारी माणसे संसार करतात, नोकरी करतात.

तुझे वय अठराच्या आत असल्याने तपासणीला पालकांची संमती लागेल, म्हणून आई किंवा बाबा यांपैकी ज्यांच्याशी बोलणे सोपे वाटते त्यांना बाही वर करून टॅटू दाखव. आधी कुणाशी बोलावेसे वाटले तर १०९७ हा एड्स हेल्पलाइनचा निःशुल्क क्रमांक आहे. केंद्रात जाताना लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड सोबत ने, म्हणजे हिपॅटायटिस बी ची लस झाली आहे का ते पाहता येईल, आणि हिपॅटायटिस बी व सी च्या तपासण्यांबद्दलही त्याच वेळी डॉक्टरांना विचार.