नाट्यमंडळाचं डिजिटल काम पुरस्कारासाठी पाठवावं का, आणि अर्जात काय लिहावं?

तुम्ही विचारलंय की सांगलीतल्या तुमच्या हौशी नाट्यमंडळानं जुन्या प्रयोगांच्या कॅसेटी, हस्तलिखित संहिता, फोटो आणि स्मरणिका डिजिटल करून घेतल्या आहेत. हे काम डिजिटल जतनाच्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराला पाठवावं का, आणि अर्जात काय लिहावं. मी मिरजेचा. ग्रंथालयांच्या आणि जुन्या दप्तरांच्या डिजिटायझेशनच्या कामात आहे, असे अर्ज लिहायला मदतही करतो. जरूर पाठवा. पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: हा पुरस्कार तुम्ही किती स्कॅन केलं याचा नाही. स्कॅन झालेलं वीस-तीस वर्षांनी उघडेल याची तुम्ही काय तजवीज केली, त्याचा आहे.

या क्षेत्रातला सगळ्यात परिचित पुरस्कार ब्रिटनमधली डिजिटल प्रिझर्वेशन कोएलिशन ही संस्था देते. संस्था २००२ सालची, पुरस्कार २००४ पासून, आणि आता तो दर दोन वर्षांनी असतो. विभाग वेगवेगळे असतात आणि त्यांची नावं थोडीफार बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीचं निवेदन नीट वाचूनच विभाग निवडा. दस्तऐवजी वारशाच्या जतनासाठी युनेस्कोचा जिक्जी पुरस्कारही आहे, तीस हजार डॉलरचा. पण त्याला स्वतःहून अर्ज करता येत नाही, नामांकन वरून यावं लागतं. तुमच्यासारख्या मंडळानं पहिल्याचाच विचार करावा.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या प्रश्नात ‘सगळं दोन हार्डडिस्कवर आहे, एक ऑफिसात आणि एक खजिनदारांच्या घरी’ असं वाक्य आहे. ऑफिस गावभागात, घर हरभट रोडला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट. तेव्हा हे दोन्ही भाग पाण्यात होते. सांगलीतल्या ग्रंथालयांतली पुस्तकं भिजून त्यांचा लगदा झाला, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मला अजून ते आठवलं की पोटात कालवतं. म्हणून तिसरी प्रत पूररेषेच्या पार बाहेर हवी: जत, आटपाडी, विटा, जिथं कुणी विश्वासाचं माणूस असेल तिथं. आणि ती का तिथं ठेवली हे अर्जात लिहा, पुराच्या आकड्यासकट. परीक्षकाला सांगली कुठे आहे हे माहीत नसेल, पण नदीकाठच्या संस्थेनं आपला धोका ओळखून प्रत हलवली हे त्याला लगेच कळतं.

प्रती असणं एक, आणि त्या शाबूत असणं दुसरं. हार्डडिस्कवरची फाइल न उघडताही बिघडू शकते. त्यासाठी प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवतात. एसएचए-२५६ या पद्धतीनं फाइलची चौसष्ट चिन्हांची एक खूण तयार होते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी खूण पार बदलते. वर्षातून दोनदा तिन्ही प्रतींच्या खुणा पडताळायच्या, आणि कुणी, कधी पडताळल्या ते वहीत लिहायचं. यासाठी लागणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात, एका दुपारचं काम आहे. अर्जात या वहीतल्या नोंदी जोडल्या तर चार पानांच्या प्रस्तावनेपेक्षा त्यांचं वजन जास्त पडतं.

कॅसेटींबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडचा सगळ्यात नाजूक ऐवज तोच आहे. संहितेची दुसरी प्रत कुठेतरी सापडू शकते, पण त्या रात्रीचा प्रयोग, प्रेक्षकांची दाद, पडद्यामागून येणारा ऑर्गन, हे त्या एका फितीवरच आहे. तुम्ही एमपी३ मध्ये उतरवून घेतलंय. ऐकायला ते ठीक, पण जतनाची मूळ प्रत म्हणून नको. एमपी३ आवाजातला काही भाग कायमचा टाकून देते. फिती अजून चालत असतील तर पुन्हा उतरवा: वेव्ह फाइल, म्हणजे आवाजातलं काही न टाकणारी, २४ बिट, निदान ४८ किलोहर्ट्झ, जमलं तर ९६ (उतरवणाऱ्याला हे आकडे सांगितले की कळतं). डेकचं, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राचं, फीत वाचणारं हेड साफ करून, त्याचा कोन जुळवून घ्या. आणि मूळ प्रतीतली खरखर काढू नका! खरखर काढताना कलाकाराचा श्वासही जातो. ऐकण्यासाठी वेगळी साफ केलेली प्रत करा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका, कारण फितीपेक्षा चांगले डेक आणि ते दुरुस्त करणारे कारागीर आधी संपत चाललेत.

संहिता रंगीत स्कॅन करा, टिफमध्ये, म्हणजे चित्राचा तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात. प्रॉम्प्टरच्या वहीत पेन्सिलीनं केलेली काटछाट, लाल शाईतल्या प्रकाशाच्या सूचना, हेच तर अभ्यासकाला हवं असतं. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये ते मरतं.

स्मरणिकांचा प्रश्न मराठीपुरता खास आहे. नव्वदीच्या दशकातल्या स्मरणिका बहुधा पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, श्रीलिपीसारख्या जुन्या मराठी फाँटात केलेल्या असतील. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. आज ती फाइल कशीबशी उघडली तरी तो फाँट नसेल तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच दिसेल अशा अक्षरपद्धतीत, बदला, जोडाक्षरं आणि रफार माणसाच्या डोळ्यांनी तपासा, पानं पीडीएफ-ए या टिकाऊ प्रकारात ठेवा, आणि मूळ पेजमेकर फाइलही टाकू नका. तुम्ही हे खरंच केलंत तर अर्जातला सगळ्यात ताकदीचा परिच्छेद हाच होईल असं मला वाटतं. हजारो भारतीय संस्थांची हीच अडचण आहे. तुमची पद्धत लिहून सगळ्यांना खुली केलीत तर काम मंडळापुरतं राहत नाही.

हक्कांचं टाळू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार नाटककाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि कलाकारांचा प्रयोगावरचा हक्क प्रयोगानंतर पन्नास वर्षं. तेव्हा काय जाहीर ऐकवता येईल आणि काय फक्त मंडळात बसून, याची यादी करा, वारसांची लेखी परवानगी घ्या. जिथं परवानगी नाही तिथं नाही असं स्पष्ट लिहा.

अर्जाची भाषा. इंग्रजीत लिहावा लागेल, पण आधी मराठीत लिहा आणि मंडळाच्या गौरवाची वाक्यं काढून टाका. सांगलीला ‘नाट्यपंढरी’ म्हटलं की आपल्याला सगळं कळतं, परदेशी परीक्षकाला काहीच नाही. त्याला दोन ओळीत सांगा: १८४३ साली याच गावात विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं, मराठी नाटकाची सुरुवात तिथून मानतात, आणि ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन त्याच प्रयोगाचा. जागतिक डिजिटल जतन दिन नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी असतो. २०२० साली दोन्ही एकाच दिवशी आले होते, २०२६ मध्येही येतात. त्या दिवशी भावे नाट्यमंदिरात किंवा एखाद्या शाळेत जुना प्रयोग ऐकवायचा कार्यक्रम ठेवलात तर लोक हे वापरतात याचा पुरावाही तयार होईल.

शेवटी पैसे आणि माणसं. वर्षाला डिस्क, वीज आणि जागेचा खर्च किती, तो कुठून येतो, आणि आत्ता हे काम बघणारा मुलगा उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला तर पासवर्ड आणि वही कुणाकडे, हे नाव-हुद्द्यासकट लिहा. लहान संस्थेकडून परीक्षक महागड्या यंत्रणेची अपेक्षा करत नाहीत, पण या प्रश्नाचं उत्तर मागतात. अर्ज पाठवायच्या आदल्या आठवड्यात पूररेषेबाहेर ठेवलेली तिसरी डिस्क आणून, भलत्याच संगणकावर, काम न केलेल्या सभासदाला एक नाटक शोधून उघडायला सांगा. उघडलं तर तारखेसकट अर्जात टाका. नाही उघडलं तर ते आधी दुरुस्त करा, पुरस्काराची पुढची फेरी दोन वर्षांनी येतेच.