अधिछात्रवृत्ती आणि कापलेला कर

प्रश्न : मी सोलापुरातील यंत्रमाग कामगारांवर पीएच.डी.चे संशोधन करते. ऑक्टोबर २०२५ पर्यंत मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होते. नोव्हेंबरपासून एका संस्थेची दरमहा ३७,००० रुपयांची अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) मिळाली. मार्चमध्ये पाच महिन्यांची रक्कम एकदम जमा झाली, तेव्हा १,८५,००० रुपयांमधून १८,५०० रुपये कर कापलेला होता. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१६) नुसार शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती एकूण उत्पन्नात धरली जात नाही आणि ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाला हाच अधिनियम लागू आहे. या कलमात रकमेची कमाल मर्यादा नाही, ती सरकारनेच दिलेली असावी अशी अट नाही आणि नवी करप्रणाली निवडली तरी ही सूट जात नाही.

मात्र कागदावर ‘फेलोशिप’ असा शब्द आहे एवढ्याने भागत नाही. पैसे कशाबद्दल दिले जातात, ते पाहावे लागते. प्रकल्प सहायकाला ठरवून दिलेल्या कामाबद्दल मिळणारे मानधन किंवा नोकरीतील प्राध्यापकाला अभ्यासरजेच्या काळात मिळणारे वेतन करपात्रच असते. म्हणून आपले मंजुरीपत्र काढून नीट वाचा. रक्कम पीएच.डी. पूर्ण करण्यासाठी आहे, मार्गदर्शकाच्या सहीचा प्रगती अहवाल द्यावा लागतो, नोंदणी रद्द झाल्यास हप्ता बंद होतो, अशा अटी असतील तर ते शिक्षणासाठीचे साहाय्य होय. त्याऐवजी कामाचे तास आणि सोपवलेली कामे लिहिली असतील, तर तो मोबदला ठरण्याची शक्यता आहे. आपले तासिकांचे मानधन अर्थातच करपात्र आहे, आणि बचत खात्यावरील व्याजही.

कापलेला कर बुडालेला नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण ‘उत्पन्नच करपात्र नाही, मग विवरणपत्र कशाला’ म्हणून अनेक विद्यार्थी तो सोडून देतात. १८,५०० रुपये म्हणजे आपली पंधरा दिवसांची अधिछात्रवृत्ती आहे. विवरणपत्र मुदतीत भरा, अधिछात्रवृत्तीची १,८५,००० रुपयांची रक्कम करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवा आणि परताव्याची मागणी करा. आयकर विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) ती ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून दिसत असेल, तर तेथेच ऑनलाइन हरकत नोंदवा. संस्थेच्या लेखा विभागालाही मंजुरीपत्राची प्रत जोडून लेखी अर्ज द्या, म्हणजे पुढच्या हप्त्यातून कपात होणार नाही.