साहेबाचा मेल आणि आपली लायकी

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा एक तक्रार हमखास असते. परदेशी वरिष्ठांपुढे जीभ अडखळते, इंग्रजी कमी पडतं, कुठला क्लास लावू? क्लास लाव असं मी क्वचितच सांगते.

संकेत (नाव, तपशील बदलले आहेत) डिचोलीचा. एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात आहे. घरी कोकणी, वाचन मराठी, पदवी इंग्रजीतून. जर्मनीतल्या वरिष्ठाचा मेल त्याने मोबाइलवर माझ्यापुढे धरला. ना नमस्कार, ना धन्यवाद. ‘तक्ता 4 चुकीचा आहे. दुरुस्त करून आज पाठवा.’

“वाचून काय वाटलं?”

“माझी लायकी काढली, मॅडम.”

“लायकीबद्दलचं वाक्य दाखव बघू.”

तो पुन्हा पुन्हा स्क्रीन वर-खाली करत राहिला.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या वाटेने जाणारी. घटना आणि मनस्ताप यांच्यामध्ये आपलाच एक विचार उभा असतो, आणि तो पुराव्यावर तपासता येतो. म्हणून संकेतला काम दिलं: याच माणसाने इतरांना लिहिलेले, तुला सीसीमध्ये आलेले मेल काढून वाच. पुढच्या भेटीत तो दारातूनच म्हणाला, “मॅडम, तो स्वतःच्या साहेबालाही असंच लिहितो!”

“म्हापशाच्या बाजारात नुस्तेंकान्न (मासळीवाली) फटकन भाव सांगते, तेव्हा तुझी लायकी निघते का?”

तो खळखळून हसला. “ना गो मॅडम, ती सगळ्यांकडेन तशीच उलयता.”

इतके दिवस घशाशी अडकलेलं काहीतरी त्या हसण्यात सुटलं. तिथे मी मुद्दाम थांबले, पुढचं त्यालाच बोलू दिलं. मेलमध्ये तक्त्याबद्दल लिहिलंय, माझ्याबद्दल नाही, हे वाक्य त्याचंच.

गोव्यातल्या मुलांचं एक मला फार आधी लक्षात आलं, आणि ते प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत सहसा सापडत नाही. परदेशी माणसं आपण लहानपणापासून पाहतो, म्हणून ती आपल्याला कळतात असं वाटतं. पण आपण पाहतो ते सुट्टीवर आलेले पाहुणे. पाहुण्याला आपण सांभाळून घेतो, तोही हसून वागतो. कामावर कुणी कुणाचा पाहुणा नसतो. मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी 1976 साली मांडलं, की काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, काहींत प्रसंगात, नात्यात, गप्प राहण्यात. जर्मन कार्यालयं पहिल्या प्रकारात मोडतात, जपानी दुसऱ्या, आणि आपण जपान्यांच्या बऱ्यापैकी जवळ.

गाठीचं दुसरं टोक मात्र संकेतच्या हातात होतं. अवघड कामालाही तो ‘हो सर, करून बघतो’ म्हणायचा. पलीकडे ते शुक्रवारचं वचन म्हणून नोंदलं जायचं.

“जमणार नाही हे कधी कळलं होतं?”

“सोमवारीच. पण साहेबाला नाही कसं म्हणणार?”

नाही म्हणायचंच नसतं. काय होईल आणि कशावर अडलंय, ते सांगायचं असतं. आम्ही चार भागांचं उत्तर घोकलं: काय झालं, काय उरलं, कशामुळे अडलं, कधी देतो. ‘नऊ तपासण्या झाल्या, तीन बाकी. नमुने गुरुवारी आले तर अहवाल शुक्रवारी दुपारी 3 ला, जर्मनीच्या वेळेने. नाही आले तर सोमवारी.’ अडचण कळली त्याच दिवशी हे जायला हवं. शुक्रवारी कळवलं की ती सबब ठरते.

वेळेचा देश लिहाच. जर्मनी आपल्यामागे हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा फरक बदलतो. तारखेत महिना अक्षरांत लिहा, कारण 03/04 म्हणजे आपल्याकडे 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च. जर्मन आकड्यात 1.500 म्हणजे दीड हजार आणि 1,5 म्हणजे दीड; गुणवत्ता विभागात हा घोटाळा महागात पडतो. लाख-कोटी परदेशी मेलमध्ये नकोत. व्हिडिओवर आपण मान डोलावतो ती पलीकडे ‘नाही’सारखी दिसू शकते, म्हणून होकार तोंडाने द्या. जपानी सहकारी गप्प झाला तर घाईने ती पोकळी भरू नका, मनात पाचपर्यंत मोजा. तो बहुधा विचार करत असतो. बैठक संपली की तासाभरात, ठरलेल्या गोष्टींचा चार-पाच ओळींचा मेल. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच.

आणि देशावरून माणूस ठरवू नका. लाजाळू, आडवळणाने बोलणारे जर्मनही असतात. ‘कच्चा मसुदा आधी पाठवू की पूर्ण झाल्यावरच?’ असं सरळ विचारलेलं कुणाला खटकत नाही.

संकेतच्या मेल-तपासणीचा निकाल उलटाही लागू शकला असता. साहेब बाकीच्यांशी नीट आणि तुमच्याशीच तुसडा, किंवा चारचौघांत उच्चारावरून, रंगावरून टोमणे मारत असेल, तर तो संस्कृतीचा फरक नव्हे, आणि तिथे समजुतीने घ्या असं मी सांगत नाही. तारीख, नेमके शब्द, कोण हजर होतं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा, मेल जपा आणि एचआरकडे लेखी तक्रार द्या.