जुन्या मारुती ८०० चे स्पार्क प्लग घरी बदलता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९८ ची मारुती ८०० खानापुरात असते. एरवी ठीक चालते, पण गोव्याहून येताना चोर्ला घाट चढायला लागली की झटके मारते, आणि पावसाळ्यात सकाळी चालू व्हायला रडते. मेस्त्री म्हणाले प्लग बदला. हे घरच्या घरी जमेल का?

जमेल की! बॉनेट उघडलं की तीन जाड रबरी वायरी इंजिनात घुसलेल्या दिसतील, त्यांच्या टोकाला प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी पाडणारे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, म्हणून प्लगही तीनच. ओम्नीवाल्यांना पुढची सीट उचलून खाली वाकावं लागतं, तुम्हाला तोही त्रास नाही. माझं म्हणणं एवढंच, की नवे प्लग बसवायच्या आधी जुने नीट बघून घ्या. दोष प्लगचाच आहे की दुसऱ्या कुणाचा दोष प्लगवर उमटलाय, ते त्यांच्या तोंडावर दिसतं. गॅरेजमध्ये ते सरळ कचऱ्याच्या डब्यात जातात आणि तुम्हाला फक्त बिल मिळतं.

आधी घाटातल्या झटक्यांचं. चढाला ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल जास्त भरतं आणि दाब वाढतो. दाब वाढला की प्लगच्या टोकाच्या तेवढ्याच फटीतून ठिणगी उडवायला व्होल्टेज जास्त लागतं. प्लग झिजला असेल तर त्याची फट आधीच रुंदावलेली असते, मग कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज बनवणारी) कमी पडते आणि ठिणगी चुकते. किंवा ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही, वायरीच्या रबराला चीर असेल तर तिथूनच बाहेर इंजिनवर उडी मारते. म्हणून खानापूर-बेळगाव रस्त्यावर काही कळत नाही आणि घाटात गाडी मिसिंग मारते. पावसाळी सकाळचा त्रासही याच घराण्यातला. दमट हवेत त्या चिरेवर ओल धरते.

त्यामुळे पाना हातात घ्यायच्या आधी एक तपासणी करा, फुकटची आहे. रात्री, अंगणातला दिवा मालवून, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर फवाऱ्याच्या बाटलीने पाण्याचा अगदी हलका तुषार मारा. वायरीवर किंवा तिच्या टोकाच्या टोपीजवळ निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर प्लगांसोबत वायरीही बदलायच्या. चालू इंजिनात त्या वायरींना हात लावायचा नाही, हजारो व्होल्टचा मामला आहे. शर्टाची बाही आणि ओढणी पंख्यापासून आणि फिरत्या पट्ट्यापासून लांब.

आता खरेदी. काउंटरवर नुसतं ‘आठशेचा प्लग द्या’ म्हणू नका. गाडीच्या पुस्तिकेतला नंबर घेऊन जा. पुस्तिका हरवली असेल तर जुन्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरचा नंबर वाचा, पण आधीच्या मालकाने चुकीचा बसवला नसेल याची खात्री कोण देणार? नंबरात प्लगची उष्णतेची पातळी लपलेली असते, आणि इथे एक गंमत आहे. एनजीके कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड (उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. ‘पाच नाही, सहा चालतंय’ असं दुकानदार म्हणाला तर कुठल्या कंपनीचा सहा ते विचारा. आट्यांची लांबीही जुन्याएवढीच हवी. लांब प्लग पिस्टनवर आदळू शकतो, आखूड बसवला तर हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) खालचे आटे उघडे राहून तिथे कार्बन धरतो. इरिडियमच्या नादाला लागू नका. चांगला असतो, टिकतोही जास्त, पण या इंजिनाला साधा निकेलचा प्लग पुरतो. तो साधारण १५ ते २० हजार किलोमीटर चालतो.

हत्यारं फार लागत नाहीत. आत रबर असलेला प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि सायकलचा पंप. पाना घ्यायच्या आधी प्लगचा षटकोन मोजा. जुन्या प्रकारच्या प्लगांना २१ चा पाना लागतो, नव्या प्रकारच्यांना १६ चा.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. हेड ॲल्युमिनियमचं आहे, आणि गरम हेडातून लोखंडी प्लग काढताना आटे प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात. हेडचे आटे गेले तर हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवून घ्यावी लागते. बेळगावला लेथवाल्यांची वाण नाही, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कुणीही करून देईल, पण त्यासाठी बऱ्याचदा हेड उतरवावं लागतं आणि मग तीन प्लगांची बचत कुठल्या कुठे जाते. सकाळी, गाडी चालू करायच्या आधीची वेळ सर्वांत बरी.

एका वेळी एकच प्लग. एकाची वायर काढा, तो प्लग बदला, वायर लावा, मगच पुढचा. तिन्ही वायरी एकदम काढल्या की कुठली कुठे हे कोडं होतं. ओढायची ती टोपी, वायर नव्हे. आधी थोडी पिळून सैल करा, मग ओढा. प्लग अर्धा सैल झाला की थांबा आणि सायकलच्या पंपाने त्याच्या बुडाशी जोरात हवा मारा. आपल्याकडची लाल माती तिथे साठलेली असते. प्लग निघाल्यावर ती थेट सिलिंडरमध्ये पडायला नको.

आता तो प्लग उजेडात धरा. टोक फिकट तपकिरी असेल तर त्या सिलिंडरमध्ये सगळं ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. तुमच्या गाडीला कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) असेल तर चोक पूर्ण उघडतो का बघा, एअर फिल्टर झटका. ओलं, तेलकट काळं असेल तर ऑइल वर चढतंय, पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील गेलंय. नवा प्लग थोडे दिवस बरा चालेल आणि पुन्हा तेच. पांढराफटक, फोड आल्यासारखा असेल तर जास्त तापतोय, म्हणजे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे किंवा चुकीच्या नंबरचा प्लग बसलाय. तिन्ही सारखेच काळे किंवा पांढरे असतील तर दोष कार्ब्युरेटर किंवा फिल्टरकडे, एकच वेगळा असेल तर त्या सिलिंडरकडे किंवा त्याच्या वायरीकडे बघायचं. चिनी मातीवर उभी काळी रेघ दिसली तर ठिणगी बाहेरून पळत होती, टोपीही बदला. प्लग काढलेल्या क्रमाने ठेवा, कागदावर १, २, ३ लिहून.

नव्या प्लगची फट दुकानातून आलीय तशी बरोबर असेल असं धरू नका. पुस्तिकेत आकडा असतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या आठशेला ०.७ ते ०.८ मिलिमीटर धरतात. फिलर गेजची पात फटीत किंचित घासत गेली पाहिजे. सुळकन गेली तर फट जास्त. बरेच मेस्त्री हॅक्सॉ ब्लेड घालून अंदाज घेतात, पण ब्लेडची जाडी ०.६ च्या आसपास असते, त्यामुळे फट कमीच राहते. वाकवायचा तो बाजूचा वाकडा दांडा. मधल्या दांड्यावर टेकू देऊन स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचं नाही, चिनी माती तडकते.

बसवताना पान्याला दांडा लावू नका. पेट्रोलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा प्लगच्या वरच्या टोकावर बसवा आणि पाइप बोटांनी फिरवत प्लग आत घाला. आटे तिरके धरले तर रबर घसरतं, जबरदस्ती होतच नाही. बोटाने जाईल तेवढा गेला की मग पाना. नव्या वॉशरचा प्लग असेल तर तिथून अर्धा ते पाऊण फेरा, वॉशर दबल्याचं हाताला कळतं, आणि साक, म्हणजे पुरे. आट्यांना ग्रीस फासू नका. त्याने तोच जोर लावूनही प्लग हवा त्यापेक्षा जास्त आवळला जातो.

वायरी टक् आवाज येईपर्यंत दाबा, गाडी चालू करा. एखादी टोपी नीट बसली नसेल तर इंजिन हलून बोलेल, लगेच कळतं. आणि एवढं करूनही घाटात झटके तसेच राहिले तर पेट्रोल फिल्टर, डिस्ट्रिब्युटरची (तिन्ही प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाची) टोपी आणि त्यातला फिरता रोटर, या क्रमाने बघा. तिन्ही जुन्या प्लगांचा एकत्र फोटो दिवसाच्या उजेडात काढून इथेच टाका, रंग बघून सांगतो.