बाकावरची पोरं

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. गुडघा आता दाद देत नाही, शाळेनं फुटबॉलची टीम सांभाळायला बोलावलंय, जाऊ का? फोनवर 'जा' म्हणून मोकळा झालो असतो. पण मलाही असंच कुणीतरी 'जा' म्हणालं होतं आणि पुढची दोन वर्षं मी पोरांचं नुकसान केलं. म्हणून लिहितोय.

आपल्याकडं टीमचा मॅनेजर म्हणजे आधार कार्डं, जन्मदाखले आणि केळी सांभाळणारा माणूस. इंग्लंडात मॅनेजर म्हणजे टीम निवडणारा, डाव ठरवणारा. तुला दोन्ही व्हावं लागेल. केळ्यांना कमी लेखू नकोस. जन्मदाखला राहिला म्हणून आमची टीम एकदा न खेळताच परत आली होती, आणि दाखल्याचं काम माझ्याकडंच होतं.

माझी पहिली आंतरजिल्हा स्पर्धा. मी आयुष्यभर स्टॉपर, म्हणजे गोलासमोरचा मधला डिफेंडर, खेळलेला. लाईनवर उभा राहिलो आणि तिथूनच अख्खी मॅच खेळलो. "काढ, काढ, बाहेर मार!" घसा बसला. लाइन्समननं दोनदा मागं ढकललं. हाफ टाइमला आमच्या शाळेचे जुने पीटी सर पाण्याचा जग घेऊन आले आणि हळूच म्हणाले, "आपला लेफ्ट बॅक किती वेळा वर गेला रे?" डावीकडचा बचाव सांभाळणारा आमचाच पोरगा, पण मला सांगता येईना. पंचेचाळीस मिनिटं मी फक्त बॉल बघत होतो. खेळाडू बॉलच बघतो, त्याचं बरोबरच आहे. मॅनेजरनं बॉल नसलेली पोरं बघायची असतात. त्या दिवसापासून शंभर पानी वही ठेवतो, दर दहा मिनिटांनी दोन ओळी. तूही ठेव. ओरडण्यापेक्षा स्वस्त पडतं.

कोचिंगच्या डी लायसन्सचा, म्हणजे पहिल्या पायरीचा, कोर्स कर. आपल्या राज्यात विफा, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तो घेते. मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. कागद लागतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पैसा मात्र बरीच वर्षं दिसणार नाही. मँचेस्टर युनायटेडचा गाजलेला मॅनेजर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन १९७४ साली, ३२व्या वर्षी, ईस्ट स्टर्लिंगशायर नावाच्या छोट्या क्लबात आठवड्याला ४० पौंडांवर लागला, तेव्हा त्याच्याकडं गोलकीपरसुद्धा नव्हता.

पण इतक्या लांब कशाला जायचं? भारताच्या टीमचे जुने कोच सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे, पेशानं शिक्षक. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे १९५१ ला त्यांच्या टीमनं दिल्लीत आशियाई सुवर्ण जिंकलं तेव्हा ते आपल्याच राज्याचे. १९६२ ला जकार्तातल्या आशियाई स्पर्धेत आपल्या जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले होते. मुळात तो डिफेंडर. जखमी डिफेंडर दिसला की तुझ्या-माझ्यासारखा त्याला बसवून मोकळा होतो. रहीमसाहेबांनी त्याला पुढं खेळवलं. सेमीफायनलला त्यानं गोल केला, फायनलला दक्षिण कोरियाविरुद्धही केला. एक पी. के. बॅनर्जींचा, एक त्याचा, २-१. स्वतः रहीमसाहेबांना तेव्हा कॅन्सर होता, पुढच्याच वर्षी गेले. पोराच्या अंगात अजून काय शिल्लक आहे हे ओळखणारी नजर कोणत्याही कोर्सात मिळत नाही.

खालिद जमीलचंही तेच. मुंबईत खेळला, तिथंच कोच झाला. पुढं मुंबईतलं काम सुटलं तर मिझोरमच्या ऐजॉल क्लबात गेला आणि जाताना जयेश राणे, आशुतोष मेहता ही ओळखीची पोरं घेऊन गेला. २०१६-१७ ला ऐजॉल आय-लीग ही देशातल्या क्लबांची स्पर्धा जिंकलं, मोहन बागानपेक्षा फक्त एका गुणानं पुढं. २०२५ मध्ये तो भारताचा कोच झाला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. अकरा निवडणं सोपं असतं रे. उरलेल्यांना सांगणं अवघड.

एका वर्षी मी अंतिम यादी होस्टेलच्या दारावर चिकटवली आणि चहाला गेलो. जिंतूरकडच्या एका खेड्यातून येणारा एक पोरगा होता, पहाटेची एसटी धरायचा, फडक्यात भाकरी बांधलेली. त्याचं नाव यादीत नव्हतं. परत आलो तर त्याची कॉट रिकामी. न जेवताच गेला होता. मैदानावर पुन्हा आला नाही. निवड माझी बरोबर होती, त्याचा डावा पाय चालतच नव्हता. पण ते मी तोंडानं सांगायला हवं होतं, डाव्या पायाचं काय करायचं हेही सांगायला हवं होतं. मी खेळाडू असताना माझं नाव नेहमी यादीत असायचं. यादी खालून वाचणाऱ्याचं काय होतं हे मला ठाऊकच नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी तो परभणीच्या बसस्टँडवर दिसला. वाकून नमस्कार केला, घरचं विचारलं, मग "सर, गाडी लागली" म्हणून निघून गेला. फलाटावर एकही गाडी नव्हती.

तेव्हापासून यादी लावायच्या आदल्या संध्याकाळी यादीबाहेर राहणाऱ्या प्रत्येकाला बोलावून शेजारी बसवतो. काही रडतात, एकानं शिवी दिली होती. बसून ऐकायचं.

रविवारी ये. साडेपाचला मैदानावर, आठनंतर ऊन टिकू देत नाही. वही-पेन आण. बूट आणू नकोस, घातलेस की आत पळशील.

तुझा,
सर